मिस्त्रींची सहा गाणी

मिस्त्रींच्या घरी मी बिऱ्हाड केलं, त्या दिवशी टांग्यातून उतरवलेल्या माझ्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी टिचकी मारून पाहिली. तांब्यावर, पितळी डब्यावर, पत्र्याच्या ट्रंकेवर. पुण्याहून आलेल्या मास्तरणीचं सामान काय लायकीचं आहे ते जोखतायत, असं वाटून मी मनातून दुखावले. सगळं वाजवून झाल्यावर ते म्हणाले, "बाई, तुमचा डबा अन् तांब्या एका सुरात हाय. ट्रंक मातर बेसूर हाय. तिले भाईर ठेवा."

मी ती थट्टा समजले. पण माझी ट्रंक पुढची साडेतीन वर्षं ओसरीवरच राहिली.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर नागपूरहून चाले. खामगावच्या मुलींच्या शाळेत जागा निघाली आणि ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मी तिथं रुजू झाले. एकट्या बाईला खोली द्यायला कोणी तयार होईना. शेवटी मुख्याध्यापिकांनी मिस्त्रींचं घर सुचवलं. माणूस विक्षिप्त आहे पण सज्जन आहे, बायको वारली आहे, घरात वीस वर्षांची मुलगी आहे, तिला सोबत होईल, असं त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, मुलगी फारशी बोलत नाही.

मिस्त्री एका जिनिंग कारखान्यात इंजिन सांभाळायचे. सरकीपासून कापूस वेगळा करणारी ती यंत्रं हंगामात दिवसभर धडधडत आणि त्यांचा आवाज आमच्या अंगणापर्यंत येई. सगळं गाव त्यांना 'मिस्त्री' म्हणे. त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही, आणि इथंही मी ती मारणार नाही. उंच, किडकिडीत, कायम तेलाचा वास येणारा माणूस. कोटाच्या वरच्या खिशात एक रुमाल आणि क्लॅरिनेटच्या तोंडाला लावायच्या दोन वेताच्या जिभल्या. तरुणपणी ते गावच्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. मग बँड सोडला. कारण विचारलं की सांगत, ते लोक वरातीत आणि मयतीत एकाच चालीनं चालतात, असल्या लोकांत बसून काय करायचं.

एकदा मी वरच्या वर्गातल्या मुलींना कारखाना दाखवायला नेलं होतं. इंजिन काहीतरी बिघडल्यासारखं खोकत होतं. मिस्त्री पुढं झाले, टोपी काढली आणि इंजिनाच्या अंगाला कपाळ लावून डोळे मिटून उभे राहिले. देवळात उभं राहावं तसे. मुली खुदकन हसल्या. थोड्या वेळानं त्यांनी एका माणसाला बोटानं एक बोल्ट दाखवला, त्यानं तो आवळला, आणि खोकला थांबला. गावात म्हणत, मिस्त्री इंजिनाच्या पाया पडतो आणि माणसाला ओळख देत नाही. ते खरंही होतं. रस्त्यात मागून कोणी 'रामराम' घातला तर ते सरळ पुढं निघून जात. लोक त्यांना मग्रूर समजत. मीही काही दिवस तसंच समजत होते.

कुसुम, त्यांची मुलगी, पहिल्या आठवड्यात माझ्याशी एक शब्द बोलली नाही. हसायची, पाणी ठेवायची, भाकरी गरम आहे हे हातानं दाखवायची. शेजारच्या म्हातारीला मी विचारलं, तर ती म्हणाली, "तिचा गया गेला, बाई." मला वाटलं कोणी गयेला गेलं, कोणाचं श्राद्ध घालायला. मी विचारलं, कधी परत येणार? म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं माझ्या गळ्याला हात लावून दाखवलं, तेव्हा कळलं की इथं गळ्याला 'गया' म्हणतात.

तेरा-चौदा वर्षांची असताना कुसुमला घटसर्प झाला होता. जिवानिशी वाचली, पण आवाज गेला तो गेलाच. त्याआधी भजनात तिचा गळा चार गल्ल्यांपर्यंत ऐकू जाई, असं सगळे सांगत. आता तिच्या घशातून निघे तो आवाज म्हणजे फक्त सुरात घेतलेला श्वास होता. हाताच्या अंतरावर बसलं तर शब्द कळत, पलीकडं काही नाही. गाव तिला मुकी म्हणू लागलं. दोन स्थळं आली आणि परत गेली. मग तिनं बोलणंच सोडलं, कारण प्रत्येक वेळी समोरचा 'काय?' म्हणून विचारी, आणि तो 'काय?' तिला सोसवत नसे.

त्या घरात एक मोठा ग्रामोफोन होता. कारखान्याचा गोरा इंजिनियर रजेवर विलायतेला जाताना तो मिस्त्रींकडं दुरुस्तीला टाकून गेला आणि परत आलाच नाही. सोबत तबकड्यांचं एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक होतं, पानांऐवजी कागदी पाकिटं असलेलं. त्याला अल्बम म्हणतात हे मला तिथंच कळलं. मिस्त्री त्याला पोथी म्हणत आणि लाल फडक्यात बांधून ठेवत. तबकड्यांवर अमेरिकेतलं नाचाचं संगीत होतं, जाझ नावाचं. गावात त्याचं झालं झांज. "मिस्त्रीनं झांज लावली" असं लोक म्हणत आणि झांजेचा आवाज कसा येत नाही म्हणून चक्रावत.

मला ते संगीत सुरुवातीला नुसता गोंधळ वाटला. तसं मी बोलूनही दाखवलं. मिस्त्री चिडले नाहीत. त्यांनी मला समोर बसवलं आणि पाटावर बोटांनी ठेका धरला. म्हणाले, "आपल्याले वाटते ठेका आता पडन. तो पडत नाई. जरासा मांगून येते. पोरीले हाक मारली तं ते लगेच येते का? हातातलं काम ठेवते, मंग येते. पन येते." त्या दिवसापासून मला ते संगीत कळू लागलं असं मी म्हणणार नाही. पण वाट बघायला मात्र मी शिकले.

त्या पोथीतल्या दोन तबकड्यांवर एक बाई गायची. ती मुळी आवाज चढवतच नसे. कानाशी बसून गुपित सांगावं तशी गायची. पूर्वी गाणाऱ्याला कर्ण्यात ओरडून गावं लागे, पण आता मायक्रोफोन नावाचं यंत्र निघालंय, ते कुजबुजही टिपतं, हे मिस्त्रींनी कुठल्याशा इंग्रजी मासिकातल्या चित्रांवरून आणि त्या बाईच्या गाण्यावरून स्वतःच ताडलं होतं. एके दिवशी त्यांनी कुसुमला ती तबकडी ऐकवली आणि म्हणाले, "आवाज लहान नसते. आयकनारा दूर असते. हे यंतर आयकनाराले जवळ आनते."

हे सगळं मी बिऱ्हाडाला येण्याच्या दीड वर्ष आधीचं. कुसुमनं नंतर मला सांगितलं की त्या दिवशी ती रात्रीचं जेवलीही नाही, नुसती ती तबकडी पुन्हापुन्हा लावत बसली. मग बापलेक दोघं मिळून त्या बाईसारखं गायचा अभ्यास करू लागली. मिस्त्री क्लॅरिनेट वाजवत, ती गाई. चाली मिस्त्रींच्या, ढंग परक्याचा. अडत होतं ते शब्दांशी. आणि मग त्यांच्या घरात बिऱ्हाडाला आली पुण्याची मास्तरीण, जी वहीत कविता लिहायची.

माझ्या कवितेबद्दल त्यांनी विचारलं तेव्हा मी मोहरून गेले. तीन दिवस बसून एक गीत लिहिलं. त्यात चंद्रिका होती, निर्झर होता, विरहव्यथा होती. कुसुमनं ते गायचा प्रयत्न केला. 'विरहव्यथा' म्हणता म्हणता तिचा दम संपला आणि ती खोकू लागली. मिस्त्री अगदी अदबीनं म्हणाले की शब्द फार थोर आहेत, पण हिच्या गळ्याला उचलवत नाहीत. तुम्ही असं करा, चार दिवस विहिरीवर बसा आणि बाया काय बोलतात ते लिहून आणा.

मला राग आला. खरं सांगायचं तर त्या बोलीला मी हसत होते. पुण्याला लिहिलेल्या पत्रांत 'मले', 'तुले', 'काऊन' यांची नक्कल करून मी मैत्रिणींना हसवलं होतं. तरी गेले विहिरीवर. दोन दिवस वही कोरीच राहिली. तिसऱ्या दिवशी एक बाई माहेरी निघालेल्या दुसरीला म्हणाली, थांब ना जराशी, घाई कायची तुले. काही विशेष नव्हतं त्यात. पण घरी येताना ते वाक्य माझ्या पावलांबरोबर चालू लागलं, आणि त्याचा ठेका बरोब्बर मिस्त्रींच्या बोटांसारखा, जरासा मागून पडत होता. जलंब हे खामगावकरांचं गाडी बदलायचं स्टेशन. त्या संध्याकाळी मी लिहिलं:

*जलंबले गाडी थांबते जराशी,*
*थांब ना तूही, घाई कायची तुले?*
*बोलाचं राह्यलं एकच मले.*

कुसुमनं ते पहिल्यांदा गायलं तेव्हा मी चुलीपुढं बसले होते. एकही शब्द तिला जड गेला नाही. मिस्त्रींनी क्लॅरिनेट खाली ठेवलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "आता तुमी बोलल्या, बाई." माझ्या आयुष्यात माझ्या लिखाणाला इतकी मोठी पावती पुन्हा कोणी दिलेली नाही. पुण्याच्या मैत्रिणींना नकला पाठवणं मी त्या दिवसापासून बंद केलं.

अशी सहा गाणी झाली. आता यांच्या तबकड्या काढायच्या, असा मिस्त्रींनी धोशा लावला. एक केसात अडकलेल्या कापसावर होतं, एक ताकावर, एक संग्रामपूरच्या बाजारात हरवलेल्या छत्रीवर. रविवारी दुपारी तालीम चाले. मिस्त्री कुसुमच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसत आणि तिच्या चेहऱ्यावरून नजर काढत नसत. मला ते बापाचं कौतुक वाटे.

एका रविवारी अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांवर कावळा आला. गाता गाताच कुसुम उठून दाराकडं वळली, कावळ्याला हाकललं आणि पाठमोरीच दोन ओळी गायली. तेवढ्यात मिस्त्रींचं क्लॅरिनेट भलतीकडंच निघून गेलं. ती एका ओळीवर, ते दुसऱ्याच. कुसुम परत येऊन समोर बसली, तिनं हळूच आपली ओळ सोडून त्यांची धरली, आणि ते काहीच चुकलं नसल्यासारखे वाजवत राहिले.

भांडी घासताना मी तिला त्याबद्दल विचारलं. तिनं आत एकवार बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबाले माहा आवाज आयकू येत नाई, बाई. दोन वर्सं झाले."

इंजिनापाशी सगळा जन्म गेलेला तो माणूस बहिरा होत चालला होता. मोठा, जाड आवाज अजून कळे. समोरच्याचे ओठ दिसले तर बोलणं कळे. क्लॅरिनेट वरच्या दातांना टेकतं, म्हणून ते दातांतून डोक्यात ऐकू येई. पण पोरीचा तो श्वासासारखा आवाज पुसून गेला होता. मला एकदम सगळं उमगलं. इंजिनाला टेकवलेलं कपाळ, टिचक्या, मागून घातलेले आणि परत न आलेले रामराम. बापानं ही गोष्ट लेकीपासून लपवली होती, आणि लेकीला ती माहीत आहे हे लेकीनं बापापासून. मी विचारलं, मग तू हे बोलत का नाहीस त्यांच्याशी? ती म्हणाली, "त्याईनं सांगतलं नाई, तं मी कशी काढू गोष्ट? मी गातो तवा ते खुश असतात."

आणि मग मला हेही कळलं की मिस्त्रींना तबकड्या काढायची एवढी घाई का झाली होती. उरलेलं ऐकणं संपायच्या आत त्यांना ते काम उरकायचं होतं.

बाजारात ग्रामोफोनचं दुकान होतं. त्या दुकानदाराच्या ओळखीनं मुंबईच्या एका नव्या, छोट्या कंपनीचा माणूस खामगावला आला. ओसरीवर बसून त्यानं अर्धं गाणं ऐकलं, म्हणजे ऐकलंच नाही, आणि ताई जरा मोठ्यानं गा, असं दोनदा सांगून उठला. पण जलंबला जाणारी गाडी उशिरा सुटणार होती, म्हणून चहाला थांबला. मिस्त्रींनी त्याची खुर्ची उचलून कुसुमच्या पुढ्यात, हातभर अंतरावर आणून ठेवली. कुसुम पुन्हा गायली, आणि ऐकता ऐकता त्याचा चहा निवला. दोन तबकड्या काढू, म्हणाला. मिस्त्री म्हणाले, तीन. सहा गाणी आहेत, आणि पोथीत चार गेली आणि दोन बाहेर राहिली असं होणार नाही. तो हसला आणि तयार झाला.

सोबत म्हणून मी मुंबईला गेले. मिस्त्रींनी क्लॅरिनेट मांडीवर घेऊन अख्खा प्रवास केला. कंपनीची खोली एका जुन्या इमारतीत होती. भिंतींना जाड पडदे, दारावर लाल दिवा. दिवा लागला की कोणी शिंकायचंसुद्धा नाही. मेणाच्या जाड चकतीवर सुई आवाज कोरत जाई, एक चूक झाली की ती चकती वाया. पियानो वाजवायला एक गोव्याचा गृहस्थ होता आणि माणसाएवढ्या उंचीचं व्हायोलिन घेऊन उभा असलेला त्याचा भाऊ. दोघांनी चाली ऐकल्या आणि मान डोलावली. या चाली कुठून आल्या, असं पियानोवाल्यानं विचारलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, "कारखान्यातून."

यंत्रावर बसलेला तरुण मोठा काटेकोर होता. त्यानं कुसुमला मायक्रोफोनपुढं उभं केलं, आणि क्लॅरिनेटचा आवाज तिला झाकून टाकेल म्हणून मिस्त्रींना तिच्या मागं, पार कोपऱ्यात नेऊन ठेवलं. मिस्त्रींना आता तिची फक्त पाठ दिसत होती.

कुसुमनं माझ्याकडं बघितलं. लाल दिवा लागला. तिसऱ्या ओळीलाच क्लॅरिनेट पुढं निघून गेलं. चकती वाया. दुसऱ्यांदा ते मागं पडलं. दुसरी चकती वाया. यंत्रावरचा तरुण बाहेर आला आणि शांतपणे म्हणाला की क्लॅरिनेट काढून टाकू, पियानो तेवढी जागा भरून काढील. त्याचं काही चुकत नव्हतं. कुसुमनं मान हलवली, बाबा नसतील तर मी गाणार नाही. तो म्हणाला, मग आज काही होणार नाही.

मिस्त्री कोपऱ्यातून चालत आले. क्लॅरिनेट दोन्ही हातांत धरलेलं. मला वाटलं ते भांडतील. त्यांनी त्या तरुणाकडं बघितलं, पण बोलले ते कुसुमकडं बघून. "मले तिच्या तोंडासमोर उभं करा, सायेब. मले आयकू येत नाई. मी पाहून वाजवतो."

कुसुम म्हणाली, "मले माहीत हाय, बाबा." तिचे ओठ त्यांना दिसले. त्यांनी विचारलं, कधीपासून? तिनं दोन बोटं दाखवली. ते काही वेळ त्या दोन बोटांकडं बघत राहिले. मग रुमाल काढून त्यांनी स्वतःचे नाही, तिचे डोळे पुसले, आणि त्या तरुणाला म्हणाले, सांगा आता कुठं उभा राहू.

तो तरुण काटेकोर होता, पण भला होता. त्यानं खडूनं जमिनीवर खुणा केल्या. कुसुम मायक्रोफोनपासून वीतभर, मिस्त्री तिच्या बरोबर समोर पण दहा पावलं लांब. तरी क्लॅरिनेट जड पडत होतं. मग माझी शाल कामाला आली. ती त्यांच्या पुढ्यात आडवी धरायची, आवाज तिच्यात मुरेल आणि वरून तोंड मोकळं राहील. एक टोक मी धरलं, दुसरं कंपनीच्या कारकुनानं. लग्नात अंतरपाट धरतात तशी. शालीच्या वरून मिस्त्री लेकीच्या ओठांकडं बघत होते, आणि तिच्या प्रत्येक श्वासाला त्यांची छाती वर होत होती. तालमीतही नजर न काढणारा तो माणूस त्या दिवशी पापणीही पाडत नव्हता.

सहाही गाणी झाली. माझे हात भरून आले होते, पण शाल हलली नाही. मी आयुष्यात बरीच कामं केली, शाळा चालवल्या, समारंभ केले. त्या दिवशी दोन्ही हातांनी शाल धरून उभी राहिले, त्याचा अभिमान मला सगळ्यांत जास्त आहे.

परतीच्या गाडीत मिस्त्रींनी क्लॅरिनेट पुन्हा मांडीवर घेतलं. भुसावळ गेल्यावर एकदम म्हणाले की चौथ्या गाण्यात पोरीनं मला फसवलं. श्वास घेतला आणि गायलीच नाही, मी वाट बघत राहिलो, मग गायली. आणि इतकं मोठ्यानं हसले की समोरचा प्रवासी जागा झाला.

अडीच महिन्यांनी मुंबईहून पार्सल आलं. तीन तबकड्या होत्या, दोघांची नावं छापलेली, आणि प्रत्येकीवर मोठ्या अक्षरांत 'विनोदी गीत'. वऱ्हाडी बोली म्हणजे विनोद, असं कंपनीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. मी संतापले. लगेच पत्र लिहायला बसले. संताप कंपनीवर होता तितकाच स्वतःवरही होता, कारण दोन वर्षांपूर्वी मी वेगळं काय करत होते? मिस्त्रींनी माझ्या हातातली दौत काढून घेतली. म्हणाले, "राहू द्या. हासाले येतीन अन् आयकाले बसतीन."

झालंही तसंच. रविवारी सकाळी अंगणात ग्रामोफोन मांडला. मुख्याध्यापिका आल्या, जुने बँडवाले आले, कारखान्यात कापूस निवडणाऱ्या पंधरा-वीस बाया आल्या. मुकी गाते म्हणे, हे बघायला गाव आलं होतं. कुसुम स्वयंपाकघरात लपली. पहिली तबकडी सुरू झाली आणि मागच्यांना ऐकू येईना. ते पुढं सरकले. मग त्यांच्या मागचे सरकले. दुसऱ्या गाण्यापर्यंत सगळं अंगण त्या पेटीभोवती दाटीवाटीनं बसलं होतं. कापूस निवडणारी एक बाई म्हणाली, ही तर आपल्यासारखीच बोलते. कोणी हसलं असेल तर मला ते ऐकू आलं नाही.

मिस्त्री मात्र पेटीवर बोटं टेकवून नुसते बसले होते. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी आत जाऊन माझी लाकडी पट्टी आणली आणि त्यांना खुणेनं सांगितलं, दातात धरा. पट्टीचं दुसरं टोक मी पेटीच्या लाकडाला लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग कपाळाला आठी पडली, इंजिनापाशी पडायची तशी. गाणं संपेपर्यंत ते हलले नाहीत. संपल्यावर पट्टी काढून त्यांनी कुसुमला हाक मारली. ती दारात आली.

"दुसऱ्या कडव्यात दम कमी पडला तुहा," ते म्हणाले.

त्यांनी तो कमी पडलेला दम ऐकला होता, हे कुसुमच्या लक्षात आलं तेव्हा ती चौकटीला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. बाया तिच्याभोवती गोळा झाल्या. मिस्त्री पुन्हा पट्टी दातात धरून तबकडी उलटायला निघाले होते.

तबकड्या फारशा खपल्या नाहीत. कंपनीही दोन वर्षांत बुडाली. पण गावात त्यानंतर कुसुमला कोणी मुकी म्हटलं नाही. पुढच्या वर्षी बिगरीच्या वर्गाची बाई बाळंतपणाला गेली तेव्हा मी मुख्याध्यापिकांच्या मागं लागून कुसुमला तिथं उभं केलं. एवढ्याशा आवाजात चाळीस पोरं कशी आवरणार, अशी त्यांना काळजी होती. पण तिचं ऐकू यावं म्हणून पोरं आपोआप गप्प बसत. अख्ख्या शाळेतला सगळ्यांत शांत वर्ग तो. ती तिथंच कायम झाली.

माझी बदली अमरावतीला झाली. निघताना मिस्त्री स्टेशनवर आले होते. निघायच्या गडबडीत जे बोलायचं ते राहूनच गेलं, आणि पुढं पत्रात लिहिण्यासारखं ते वाटेना.

सात-आठ वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी खामगावला जाणं झालं. मिस्त्रींनी काम सोडलं होतं. कान पूर्ण गेले होते आणि नजरही मंदावली होती, त्यामुळं ओठ वाचणं जमत नसे. कुसुमनं एक मोठी पाटी आणून ठेवली होती. ज्याला बोलायचं त्यानं पाटीवर ठळक लिहायचं, मिस्त्री डोळ्याजवळ नेऊन वाचत आणि तोंडानं उत्तर देत. मी ओसरीवर त्यांच्याशेजारी बसले. प्रकृती, पाऊस, शाळा, सगळं लिहून विचारून झालं. कुसुम चहा करायला आत गेली. मग मी पाटी स्वच्छ पुसली आणि लिहिलं:

*मी शिकवाले आल्ती. तुमी मले आयकाले शिकवलं. सांगाचं राहून गेल्तं.*

त्यांनी पाटी डोळ्यांजवळ नेली. एकेका शब्दाखाली बोट ठेवत, ओठ हलवत वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कुसुम चहा घेऊन बाहेर आली. साखर पुरेशी आहे का, असं काहीतरी विचारायचं असावं, तिनं ओलं फडकं घेतलं आणि पाटीकडं हात नेला. मिस्त्रींनी पाटी छातीशी ओढून घेतली.

"हे पुसू नको. हे राहू दे. बोलाले दुसरी आन."

घरात दुसरी पाटी नव्हती. कुसुम ती आणायला शाळेत गेली, आणि ती येईपर्यंत आम्ही दोघं काही न बोलता चहा पीत बसलो.